इलेक्शनच्या सीझनला सातारा-सांगलीत फिरती असेल तर

मी ठिबक आणि पंपाचं सामान विकतो, लोणंदपासून जतपर्यंत सगळी लाईन माझ्याकडं, महिन्याला दोन चकरा ठरलेल्या. २०२४ ची लोकसभा आणि नोव्हेंबरातली विधानसभा दोन्ही मी रस्त्यावरच काढल्या. लाईनवर नवीन पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात एकतर कॅश अडकवून बसतात नाहीतर जुना डीलर तोडून येतात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी कॅश. आचारसंहिता लागली की ५० हजाराच्या वर रोख जवळ असेल तर कुठनं आणली आणि कुठं चाललीय याचा कागद पाहिजे. मी एकदा १ लाख ८० हजाराची वसुली घेऊन विट्याकडनं येत होतो, पावती बुक सामानाच्या खाली दबलेलं आणि निम्म्या पावत्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर. नाक्यावर तपासणी पथकानं गाडी बाजूला घेतली, एकजण व्हिडिओ शूटिंग करतोय, मी डिकीतले पाईपचे बंडल काढून रस्त्यावर ठेवतोय आणि फोनला रेंज नाही. अडीच तास गेले. चूक माझीच होती. तेव्हापासून पावती बुक, डीलरच्या लेजरचा प्रिंट, कंपनीचं लेटर आणि आयकार्ड असं सगळं एका फाईलीत आणि फाईल पुढच्या सीटवर. शक्य तेवढं यूपीआय घ्यायचं, रोख आली तर त्याच गावात बँकेत भरून मोकळं व्हायचं. जप्त झालीच तर पंचनाम्याची कॉपी घेतल्याशिवाय हलू नका, जिल्ह्यात त्यासाठी समिती असते, झेडपीचे सीईओ तिच्यात असतात, कागद बरोबर असले की पैसे सुटतात. आणि पथकातल्या माणसांशी हुज्जत घालू नका, तीही बिचारी आपलं ऑफिस सोडून उन्हात बसलेली असतात.

आता बोलण्याचं, हे जास्त अवघड. आपल्याकडं नाव कुणी घेत नाही, नातं सांगतात. "दादा" म्हणलं की सांगलीत म्हाताऱ्या माणसाला वसंतदादा आठवतात आणि पोराला अजितदादा. "आबा" म्हणजे तासगावात आर. आर. आबाच, "बाबा" म्हणजे कराडात पृथ्वीराजबाबा. "काका" कराड दक्षिणेत म्हणलं तर उंडाळकर, तासगावात म्हणलं तर संजयकाका. तालुका बदलला की नातं बदलतं, तेव्हा कोण कुणाचं हे कळेपर्यंत नुसतं "हो ना" म्हणायचं. तुम्हाला विचारलंच "तुमच्याकडं काय हाय?" तर एकच उत्तर, "घासून हाय." हे कधी चुकत नाही आणि उधारीची वसुलीही थांबत नाही. कुणी टोपी, उपरणं दिलं तर घ्या पण डॅशबोर्डवर ठेवू नका, मी एकदा विसरलो आणि पुढच्या गावातल्या दुकानदारानं माल उतरून घेतला नाही, म्हणला जागा नाही. गोडाऊन मोकळं दिसत होतं समोर.

तरी दिल्लीचं राजकारण समजून घ्यायचं असेल, आणि घ्यावंच, आपला धंदा त्याच्यावरच चालतो, तर "वारं कुणाचं" हे विचारूच नका. दर विचारा. पक्ष विचारला की माणूस तुमच्या गाडीचा नंबर बघून बोलतो, दर विचारला की खरं बोलतो.

लोणंदला बाजाराबाहेर चहा पीत होतो, शेजारी एक आजोबा, धोतराला कांद्याचं टरफल चिकटलेलं. मी विचारलं काय दर निघाला आज. दराचं राहिलं बाजूला, त्यांनी तारखाच काढल्या. २०२३ च्या ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी झाली, पोरीच्या साखरपुड्याच्या आठवड्यात, म्हणून लक्षात. कांदा शेतात पाचटाखाली झाकून ठेवला. बंदी उठली ४ मेला, शनिवारी, आणि आमचं मतदान ७ मेला मंगळवारी. म्हणले, "तीन दिवस आधी जाग आली बघा." पुढं कुणाला मत देणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उसाच्या पट्ट्यात असंच इथेनॉल विचारा. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंदी घातली, मग आठवड्याभरात थोडी सैल केली. पलूस, वाळव्याकडं हे पानटपरीवर बसलेल्यालाही पाठ असतं कारण कारखान्याचा हिशोब बिघडला की बिल लांबतं, बिल लांबलं की माझा पंप उधारीवर. जतला गेलात तर म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी कुठपर्यंत आलं एवढंच विचारा आणि चहा सांगा, अर्धा तास गेला समजा.

आणि एवढा कानोसा घेऊनही निकाल सांगायच्या भानगडीत पडू नका. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत दोन मोठ्या आघाड्यांचे उमेदवार उभे होते आणि निवडून आलं लिफाफा चिन्ह, अपक्ष विशाल पाटील, लाखाच्या वर लीड. साताऱ्यात उदयनराजे साधारण ३२ हजारानं आले आणि शरद पवार गटाच्या तुतारीसारखी दिसणारी पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला ३७ हजार पडली. ही मतं चुकून पडली की कशी यावर कराडच्या एका हॉटेलात टेबल आपटेपर्यंत भांडण झालं, मी बिल देऊन बाहेर आलो. साताऱ्यात २०१९ लाही शरद पवारांच्या पावसातल्या सभेनंतर पोटनिवडणुकीत चित्र पालटलं होतं, तेव्हा मी पैजेत दोन किलो मटण हरलोय.

स्वतःचं मत मात्र सोडू नका. आपण फिरतीवर आहोत म्हणून दुसऱ्या गावात मत देता येत नाही, त्यामुळं महिन्याचा टूर प्लॅन मतदानाच्या दिवसापासनं उलटा बनवायचा, आदल्या रात्री घरी. त्या दिवशी पगारी सुट्टी कायद्यानं मिळते, साहेबाला आठवण करून द्या. भाड्याचं घर बदललं असेल तर फॉर्म ८ आधीच भरा, घरी येणारी चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, कार्ड किंवा आधार खिशात ठेवा, मोबाईल गाडीत.

आणि निकालाच्या दिवशी वसुलीला निघू नका. निघालातच तर दुपारच्या आत परत फिरा आणि पांढरा शर्ट घालू नका, ४ जूनला माझा गेला, गुलाल निघतच नाही.