रॅन्समवेअरच्या हल्ल्यानंतर या चुका टाळा : फॉरमॅट मारण्याआधी वाचा

रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, फाइली लॉक होणे हा पहिला आघात असतो. पण माहिती कायमची हातची जाते ती पुष्कळदा त्यानंतरच्या दोन दिवसांत, आणि तीही आपल्याच माणसांच्या हातून. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हल्लेखोर रात्रीची किंवा सुट्टीची वेळ साधतात, त्यामुळे प्रकार उघडकीस येतो तो शुक्रवारी सकाळी, अकाउंट्सच्या माणसाने टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडल्यावर. त्यातली कंपन्यांची यादी रिकामी असते, फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावामागे एक ओळख-क्रमांक, एक ई-मेल पत्ता आणि कधी न पाहिलेले एक्स्टेन्शन जोडलेले असते, आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी असते. गेटवर गाडी भरून उभी असते, चलन निघत नाही, ग्राहकाचे फोन सुरू होतात. अशा वेळी नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावून ‘फॉरमॅट मार आणि दुपारपर्यंत चालू करून दे’ असे सांगितले जाते. पुढच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून जन्म घेतात.

मशीन बंद-चालू करून पाहणे

काही अडले की संगणक रिस्टार्ट करण्याची सवय सर्वांनाच असते, परंतु येथे ती घातक ठरते. सर्वप्रथम नेटवर्क तोडावे : स्विचमधून केबली काढाव्यात, वायफाय बंद करावे, इंटरनेटचा राउटर बंद करावा, आणि दुसऱ्या शाखेशी व्हीपीएन (इंटरनेटवरून केलेली खासगी) जोडणी असल्यास तीही तोडावी. मशीनचा वीजपुरवठा मात्र चालू ठेवावा, कारण लॉक करण्यासाठी वापरलेल्या किल्लीचे (गुप्त संकेताचे) अंश, चालू असलेला घातक प्रोग्रॅम आणि त्याने कोणाशी संपर्क साधला याच्या खुणा कधीकधी केवळ मेमरीत उरलेल्या असतात आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरच्या वेळी हे दिसून आले. काही दिवसांतच ‘वॉनाकिवी’ नावाचे मोफत साधन उपलब्ध झाले आणि ते विंडोज ७ व एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींवर मेमरीतून किल्ली शोधू शकत होते, पण हल्ल्यानंतर रिस्टार्ट न केलेल्या मशीनवरच.

याला एक अपवाद मान्य करावा लागतो. डोळ्यांदेखत एकामागून एक फाइल लॉक होत असेल, तर उरलेल्या फाइली वाचवण्यासाठी मशीन तत्काळ बंद करणेच योग्य ठरते.

बॅकअपची डिस्क लगेच जोडून पाहणे

ही चूक सर्वांत महाग पडते. बॅकअप सुरक्षित आहे ना, एवढे पाहण्यासाठी कपाटातली बाहेरची हार्ड डिस्क काढून बाधित सर्व्हरलाच लावली जाते, आणि प्रोग्रॅम अजून चालू असल्यास अर्ध्या तासात तीही लॉक होते. बॅकअप तपासायचा तो नव्याने प्रणाली टाकलेल्या, कोणत्याही नेटवर्कला न जोडलेल्या वेगळ्या मशीनवर, आणि शक्य असल्यास आधी त्या डिस्कची प्रत काढून.

तपासताना पुष्कळदा असे आढळते की ज्याला बॅकअप समजले जात होते, तो बॅकअप नव्हताच. टॅलीचा बॅकअप त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर घेतलेला असतो. नेटवर्कवरच्या स्टोरेजला सर्व्हरचाच अ‍ॅडमिन पासवर्ड असतो, म्हणून हल्लेखोर तेथेही सहज पोहोचलेला असतो. विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रती तर रॅन्समवेअर बहुधा लॉक करण्याच्या आसपासच पुसून टाकते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे सिंक चालू असेल, तर लॉक झालेल्या फाइली वर चढून चांगल्या फाइलींची जागा घेतात. असे झाले तरी तेवढ्याने हताश होऊ नये. सिंक ताबडतोब थांबवून, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून त्या खात्यात लॉगिन करून फाइलींच्या जुन्या आवृत्त्या पाहाव्यात. त्या सामान्यतः मर्यादित दिवसच राहतात, त्यामुळे हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेचा सर्व्हर अशाच हल्ल्यात लॉक झाला होता आणि राज्यातल्या १५ ठिकाणांहून येणाऱ्या नोंदींचा साठा हाताबाहेर गेला होता. ऐन पावसाळ्यात जुन्या पातळ्यांच्या नोंदी गमावणे किती गंभीर आहे, हे वेगळे सांगायला नको. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा नियम सर्वांना पाठ असतो; त्यात ‘एक प्रत कायम नेटवर्कपासून तोडलेली’ ही अट जोडावी आणि ती इतर अटींपेक्षा कसोशीने पाळावी, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा पुसून टाकणे

फॉरमॅट मारल्याने दोन गोष्टी एकदम जातात : फाइली परत मिळण्याची उरलेली शक्यता आणि हल्लेखोर आत कसा आला याचा माग. नव्या एसएसडीची किंमत काही हजार रुपये असते. तेव्हा जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि काम नव्या डिस्कवर सुरू करावे. ते शक्य नसेल तर निदान संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) काढून घ्यावी. खंडणीची चिठ्ठी, लॉक झालेल्या दोन-चार फाइली आणि त्याच फाइलींच्या मूळ प्रती, उदाहरणार्थ ग्राहकाला पूर्वी मेलने पाठवलेले ड्रॉइंग, या सर्व गोष्टी जपून ठेवाव्यात, कारण रॅन्समवेअरचे कूळ ओळखायला आणि काही साधनांना किल्ली शोधायला त्या लागतात.

लॉगच्या, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदींच्या, बाबतीत वेळ फार कमी असतो. विंडोजच्या सुरक्षा-लॉगचा मूळ आकार अवघा २० एमबी असतो, आणि पासवर्डचे अंदाज लावणाऱ्या प्रोग्रॅमने हजारो अयशस्वी प्रयत्न केले असतील, तर त्या नोंदींच्या ओझ्याखाली यशस्वी लॉगिनची नेमकी नोंद पुसली जाते. म्हणून सर्व्हरचे आणि फायरवॉलचे लॉग पहिल्याच दिवशी दुसरीकडे काढून घ्यावेत. प्रकरण पुढे न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) नमूद करायचे असते. ते तेव्हाच काढून ठेवलेले बरे.

वाट न शोधता रिस्टोअर करणे

लहान उद्योगांत हल्लेखोराची आत येण्याची वाट बहुतेकदा अगदी साधी असते. सीएंना किंवा मालकांना घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडलेले असते आणि पासवर्ड म्हणून कंपनीचे नाव व पुढे १२३ असते. सर्व्हर नव्याने उभा करून तेच पोर्ट आणि तोच पासवर्ड ठेवला, तर दुसरा हल्ला होणे ही केवळ वेळेची गोष्ट उरते. अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीवर मे २०२१ मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर शिरले होते तेही दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून.

दुसरा प्रश्न हल्लेखोर आत कधी आला हा आहे. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत लॉक होण्याचा दिवस १४ मे २०२१ होता, पण ज्या घातक एक्सेल फाइलीतून शिरकाव झाला, ती १८ मार्चलाच उघडली गेली होती. म्हणजे आठ आठवड्यांतल्या कोणत्याही बॅकअपमध्ये हल्लेखोराची सोयही सामावलेली असू शकत होती. यासाठी सर्वसाधारण नियम असा ठेवावा की बॅकअपमधून केवळ माहिती घ्यावी, आणि विंडोज, टॅली, ईआरपी असे सर्व प्रोग्रॅम मूळ स्रोतावरून नव्याने टाकावेत. सर्व पासवर्ड स्वच्छ मशीनवरून बदलावेत आणि ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे, जीएसटीचे व मेलचे पासवर्ड चोरीला गेले असेच गृहीत धरावे. डोमेन सर्व्हर (सर्व संगणकांची लॉगिन एका जागी सांभाळणारा) असल्यास त्यातल्या ‘केआरबीटीजीटी’ या अंतर्गत खात्याचा पासवर्ड मध्ये काही तास जाऊ देऊन दोनदा बदलावा लागतो, कारण प्रणाली त्याच्या मागच्या पासवर्डचीही आठवण ठेवते.

पैसे भरले की प्रश्न मिटेल असे मानणे

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण त्या प्रोग्रॅमची रचनाच अशी होती की पैसे भरूनही किल्ली मिळणे शक्य नव्हते. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कलोनियलने सुमारे ४४ लाख डॉलर भरले. मिळालेले साधन इतके संथ होते की कंपनीला स्वतःच्या बॅकअपचाच आधार घ्यावा लागला. अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या आरोग्यक्षेत्रातील कंपनीच्या प्रकरणात २०२४ मध्ये २.२ कोटी डॉलर दिल्यानंतरही चोरलेली माहिती दुसऱ्या टोळीच्या नावाने पुन्हा वेठीला धरली गेली. आयर्लंडला तर किल्ली फुकट मिळाली होती, तरी सर्व सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

‘शंभर टक्के रिकव्हरी’ची हमी देणाऱ्यांपासूनही सावध राहावे. त्यांतले काही जण गुपचूप हल्लेखोरालाच पैसे भरून वर स्वतःचे शुल्क लावतात.

प्रकार दडपून ठेवणे

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे, आणि ते कंपन्यांनाही लागू आहे; केवळ सरकारी खात्यांसाठी नाही. सायबर पोलिसांकडे १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. सायबर विमा असेल, तर कोणालाही काम देण्याआधी विमा कंपनीला कळवावे, अन्यथा दावा अडू शकतो. ग्राहकांना आणि पुरवठादारांना मात्र मेलने नव्हे तर फोनने सांगावे, कारण मेल खाते हल्लेखोराच्या हाती असल्यास तुमच्याच नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र त्यांना जाऊ शकते. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने मार्च २०१९ मध्ये खंडणी नाकारली, रोज जाहीरपणे माहिती दिली आणि कारखाने हाताने चालवले. त्या मोकळेपणामुळे ग्राहकांचा विश्वास टिकला.

बॅकअप नाही म्हणून हात टेकणे

बॅकअप नसला तरी व्यवसायाची बरीच माहिती बाहेर विखुरलेली असते, आणि ती गोळा करण्याचे कष्ट घ्यायची तयारी हवी. मागच्या वर्षाच्या ऑडिटसाठी दिलेला टॅलीचा डेटा सीएंच्या कार्यालयात असतो. तेथून पुढची विक्री जीएसटी पोर्टलवरच्या भरलेल्या जीएसटीआर-१ मधून बिलवार मिळते, खरेदी जीएसटीआर-२बी मधून, मालाची हालचाल ई-वे बिलांतून आणि देणी-घेणी बँकेच्या स्टेटमेंटमधून. पर्चेस ऑर्डर आणि ड्रॉइंगे ग्राहकाकडून पुन्हा मागवता येतात. सीएनसी मशीनच्या कंट्रोलरच्या मेमरीत चालू जॉबचे प्रोग्रॅम बहुधा शाबूत असतात. ते कोणी नवा प्रोग्रॅम चढवण्याआधी कार्डावर उतरवून घ्यावेत. कामगारांचे पीएफचे तपशील संबंधित पोर्टलवर असतात. हे सर्व जुळवताना आधी चालू महिन्याचे डिस्पॅच आणि पगार मार्गी लावावेत, मागची वर्षे नंतर भरून काढावीत.

लॉक झालेली डिस्क भंगारात किंवा परतीच्या सवलतीत देऊ नये. ‘टेस्लाक्रिप्ट’च्या टोळीने मे २०१६ मध्ये काम बंद करताना स्वतःहून मुख्य किल्ली जाहीर केली होती. ‘फोबोस’ या लहान उद्योगांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या कुळासाठी जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये मोफत साधन उपलब्ध करून दिले, आणि ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच्या डिस्का जपल्या होत्या, त्यांना फाइली परत मिळण्याची वाट खुली झाली. डिस्कवर हल्ल्याची तारीख, फाइलींचे नवे एक्स्टेन्शन आणि ती कोणत्या मशीनची हे लिहून, चिठ्ठीच्या छापील प्रतीसह ती कोरड्या जागी ठेवावी, आणि युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेच्या सहभागाने चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर दर तीन-चार महिन्यांनी त्या कुळाचे नाव शोधून पाहावे.