स्प्रिंग एअर रायफलचे छर्रे इकडेतिकडे जातायत? आधी स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू बघा (माझा अनुभव)

माझी रायफल स्वस्तातली ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची), ०.१७७ इंची छर्ऱ्यांची. १० मीटरवर पाच छर्रे एका जागी पडायचे नाहीत, पुढचे पाच भलतीकडेच. स्कोप (नेमाची दुर्बीण) बदलला, तो धरणारे माउंट घट्ट केले, तीन प्रकारचे छर्रे वापरले, बॅरल साफ केली, काही फरक नाही. महिनाभर डोक्याला नुसता ताप.

शेवटी स्टॉकचे पुढचे दोन स्क्रू बोटाने फिरले! स्प्रिंगचा झटका दोन्हीकडे बसतो त्यामुळे हे आपोआप सैल होतात.

मग रायफल रिकामी, कॉक केलेली (स्प्रिंग ताणलेली) नाही हे बघून स्क्रू एकेक करून काढले, त्यांच्या आट्यांवरचं तेल अल्कोहोलने पुसलं, भोकातलंही, कारण तेलावर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) नीट धरत नाही. निळा थ्रेडलॉकर एक थेंब (लाल नको, नंतर सहज निघत नाही). आधी पुढचे दोन आलटून पालटून, मग ट्रिगर गार्डचे. घट्ट म्हणजे बेताने, लाकूड चेपलं जाईल इतकं नाही. २४ तास हात लावला नाही.

आणि पुढचा हात उघड्या तळव्यासारखा ठेवायचा, मूठ आवळायची नाही. आता पाचही छर्रे एका नाण्याखाली झाकतात. स्कोप उगाच बदलला.