मुलाखतीला जाताना या चुका टाळा

मुंबईत साडेदहाची मुलाखत सकाळी सातलाच सुरू होते, डोंबिवलीच्या नाहीतर विरारच्या फलाटावर. गेली काही वर्षं मी आमच्या ऑफिसात नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतेय. चांगली हुशार पोरं घामाघूम होऊन उशिरा येतात आणि येणारी उत्तरंही विसरतात, तेव्हा जीव तुटतो.

पत्ता नुसता वाचून निघणं

लोअर परळला उतरून रिक्षा शोधत बसू नका. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. तिथे टॅक्सी, बेस्टची बस, नाहीतर पायी. जुनी माणसं 'एल्फिन्स्टनला उतर' म्हणतील, पण २०१८ पासून त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी आहे. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो जाते, तरी ऑफिस कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर उन्हात गोल गोल फिरत राहाल. मोठ्या इमारतीत गेटवर ओळखपत्र, फोटो, पास, मग लिफ्टची रांग, यात पंधरा मिनिटं सहज जातात. खाली अर्धा तास आधी पोहोचा, वर मात्र दहाच मिनिटं आधी जा. रविवारी बोलावलं असेल तर मेगाब्लॉक बघूनच निघा.

मुलाखतीचा शर्ट घालूनच गर्दीत शिरणं

घरून टीशर्ट घालून निघा. इस्त्रीचा शर्ट घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि पोहोचल्यावर बदला. रिसेप्शनला वॉशरूम कुठे आहे हे विचारायला लाजू नका, रोज कुणीतरी विचारतंच. पावसाळ्यात फ्लोटर्स घालून या, बूट आणि कोरडे मोजे पिशवीत. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

बहुतेक ठिकाणी फिकट रंगाचा फुल शर्ट आणि गडद पँट, किंवा साधा सलवार-कमीज, एवढं पुरतं. ब्लेझर लागतोच असं नाही. मागे एक मुलगा नवाकोरा ब्लेझर घालून आला होता. पाठीच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली तशीच, बाहीवर कंपनीचं लेबल शिवलेलं. घरच्यांनी पैसे जमवून घेतला असणार, पण ते टाके कापायचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या सहकाऱ्याच्या बाहीकडे त्याची नजर गेली आणि मग शेवटपर्यंत तो हात टेबलाखाली धरून बसला. त्याची उत्तरं उत्तम होती, आम्ही त्याला घेतलं. पण ती अर्ध्या तासाची घुसमट मला अजून आठवते. नवे कपडे आदल्या दिवशी घालून, घरातल्या कुणाला तरी मागूनपुढून बघायला सांगा. नवे बूट चार दिवस आधीपासून वापरा. अत्तर-परफ्यूम जपून, एसी केबिन लहान असते.

घाबरून खोटं बोलणं

'राहता कुठे?' म्हटलं की बदलापूरची मुलं 'ठाणे' सांगतात. कागदावर पत्ता समोरच असतो! बदलापूरच सांगा, आणि कुठली लोकल पकडून किती वाजता पोहोचाल तेही सांगा. इंग्रजी अडखळलं तर क्षणभर थांबा, छोट्या वाक्यात बोला. मराठी माध्यमातून आल्याबद्दल माफी मागू नका. पगाराचं बोलणं निघालं तर हातात किती येईल हे खुशाल विचारा. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात, बहुधा पीएफमधला कंपनीचा वाटाही धरलेला असतो.

गाडी अडकली तर गप्प राहणं

उशिरा पोहोचून कारणं सांगण्यापेक्षा ठरलेल्या वेळेआधी फोन करा: 'मॅडम, गाडी कुर्ल्याला थांबलीय, अकरापर्यंत पोहोचेन.' आम्हीही त्याच गाड्यांनी येतो. त्यासाठी एचआरचा नंबर आदल्या रात्रीच सेव्ह करा आणि कागदावरही लिहून घ्या, गर्दीत फोनची बॅटरी कधी संपेल सांगता येत नाही.