सीलिंग बंद होण्याआधी: व्यावसायिक इमारतीचं वायरिंग मी कसं तपासते

टेस्टच्या कागदावर एकूण ४८ सर्किट, आणि अर्थ कंटिन्युइटीच्या (अर्थची वायर शेवटपर्यंत सलग आहे का, त्याच्या) रकान्यात ४८ वेळा ०.२ ओहम. त्या कागदावर मी सही केली होती. तेव्हा या कामात मला तीन वर्षं झाली होती आणि रीडिंग नीटनेटकी भरलेली दिसली की काम नीट झालंय, असं मला वाटायचं. दोन महिन्यांनी त्याच इमारतीत सफाई करणाऱ्या मावशींना हात वाळवायच्या मशिनच्या पत्र्याचा झटका बसला. आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) पडला, म्हणून त्या वाचल्या. मशिन उघडलं तर अर्थच्या वायरचं लग (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) इन्सुलेशनवरच क्रिम्प केलेलं, म्हणजे दाबून बसवलेलं निघालं, तांब्याला ते टेकलंच नव्हतं. गळती करंटला परतीची वाट नव्हती, त्यामुळे आरसीसीबीला काही कळत नव्हतं. ती वाट मावशींच्या हातातून मिळाली, तेव्हा तो पडला.

तो कागद मी नंतर पुन्हा काढून पाहिला. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध २० अंशांना किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. म्हणजे १० मीटरवर साधारण ०.०७ आणि ४० मीटरवर ०.३. डीबीच्या (डिस्ट्रिब्यूशन बोर्डाच्या) शेजारचा सॉकेट आणि मजल्याच्या टोकाचा सॉकेट, दोघांना ०.२ येणं शक्यच नव्हतं. मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

म्हणून माझी पहिली सूचना: मीटर लावण्याआधी लांबीवरून अंदाज लिहा. नकाशावर अंतर मोजा, चढउताराचे मीटर धरा, गुणाकार करा आणि रीडिंगच्या शेजारी पेन्सिलीने तो आकडा टाका. रीडिंग अंदाजापेक्षा बरंच जास्त आलं तर कुठेतरी जोड सैल आहे. बरंच कमी आलं तर पत्रा, पाइप किंवा ट्रे अशी समांतर वाट मिळते आहे, आणि तुम्ही वायर मोजतच नाही आहात. ते टोक सोडवून पुन्हा मोजा.

आता झाकण्याच्या कामांबद्दल. सीलिंग बंद होणं, भिंतीवर प्लास्टर चढणं, पॅनलचं कव्हर लागणं, या तीन क्षणांच्या आधी काम थांबलं पाहिजे आणि कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. हे कामाच्या वेळापत्रकातच लिहून घ्या. ऐन वेळी थांबवायला गेलात तर सीलिंगवाले शिडी लावून उभे असतात आणि भांडण होतं.

सीलिंगच्या वर मी आधी बघते एका कंड्युटमध्ये (वायरच्या नळीत) किती सर्किट कोंबली आहेत. भिंतीवरच्या कंड्युटमधली २.५ ची पीव्हीसी वायर सिंगल फेजला एकटी असेल तर ३० अंशांना २४ अँपिअर वाहते. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यांप्रमाणे सहा सर्किट एकत्र असतील तर त्याला ०.५७ ने गुणायचं. उरतात १४ हूनही कमी. मग १६ चा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) त्या वायरचं रक्षण करत नाही, वायर तापत राहते आणि तो शांत असतो. नऊ सर्किट असतील तर क्षमता निम्मीच राहते. डिझाइनमध्ये हे बहुतेक वेळा बरोबर असतं. साइटवर एक कंड्युट कमी पडला म्हणून दोनची सर्किट एकात ओढली जातात, आणि ते फक्त सीलिंग उघडं असतानाच दिसतं. तिथेच भिंतींतून जाणारी भोकं आगरोधक मालाने भरली आहेत का, तेही पाहून घ्या. प्रत्येक जागेचा सर्किट नंबरसकट फोटो काढा.

माझा सगळ्यात जास्त वेळ टर्मिनलवर, म्हणजे वायर स्क्रूने आवळायच्या जागांवर जातो, आणि तो जायलाच हवा. ६३ अँपिअर वाहणाऱ्या जोडात फक्त ०.०५ ओहम रोध शिल्लक राहिला, तर तिथे जवळपास २०० वॉट उष्णता तयार होते, अंगठ्याएवढ्या जागेत, तासन्तास. करंट नेहमीइतकाच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही. गळती नसते, म्हणून आरसीसीबीही पडत नाही. सैल स्क्रूसमोर ही दोन्ही संरक्षणं आंधळी आहेत. तिथे हाताच्या कामावरच भिस्त असते.

त्यासाठी टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर किंवा रेंच वापरा. किती न्यूटन-मीटर हे सामानाच्या अंगावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. सवयीचा हात तरबेज असतो हे मला मान्य आहे, पण शंभराव्या स्क्रूपर्यंत तोही थकतो. घट्ट केल्यावर स्क्रूवरून टर्मिनलवर मार्करची एक रेघ ओढा, म्हणजे पुढे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकाला दाबून बसवायची छोटी नळी) लावा. केबल अॅल्युमिनियमची आणि बसबार (पॅनलमधली जोडपट्टी) तांब्याचा असेल तर बायमेटॅलिक, म्हणजे दोन धातूंचं लगच हवं. क्रिम्प केलेलं प्रत्येक लग हाताने ओढून पाहा, आणि त्याआधी इन्सुलेशन कुठे संपतंय ते बघा. हे शेवटचं मी कुणावरही सोपवत नाही.

मग टेस्ट. क्रम बदलू नका: आधी सगळं बंद असताना, नंतर सप्लाय देऊन. अर्थची सलगता खात्रीची नसताना सप्लाय दिला तर एखाद्या दोषाने इमारतीतला उघडा धातू जिवंत होतो आणि तो तसाच राहतो. बंद करताना कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासा, मग तुमच्या सर्किटवर लावा, मग परत चालू सप्लायवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला कळतं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनची टेस्ट, २३०/४०० व्होल्टच्या सर्किटवर ५०० व्होल्ट डीसीने करतात आणि किमान १ मेगोहम यावा लागतो. हा आकडा नापास ठरवण्यासाठी आहे. कोरं वायरिंग शेकड्यांत रीडिंग देतं. नव्या सर्किटला २ मेगोहम आले तर मी पास म्हणत नाही, ओल किंवा सोललेली वायर शोधते. सर्ज अरेस्टर (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारं सामान), एलईडी ड्रायव्हर, सेन्सर आधी सोडवा, नाहीतर रीडिंग खोटं येईल किंवा ते सामान जळेल. आणि काय काय सोडवलं त्याची यादी करा. परत जोडायचं राहून गेलेला सर्ज अरेस्टर मी दोनदा पाहिला आहे.

ऑफिसांच्या मजल्यांवर एक चूक वारंवार सापडते: एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलला जोडलेला. एका मजल्यावर दोन आरसीसीबी रोज सकाळी दिवे लावताना पडायचे आणि लोक महिनाभर आरसीसीबी बदलत होते. सप्लाय बंद करून दोन्ही सर्किटचे न्यूट्रल बारवरून सोडवा आणि लोड काढून त्या दोन वायरांमध्ये सलगता तपासा. ती यायला नको. आली तर कुठेतरी ते एकमेकांना जोडले आहेत. हा नुसता पडापडीचा त्रास नाही. त्या मजल्यावर एक सर्किट बंद करून काम करणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचा जिवंत न्यूट्रल आला असता.

सप्लाय दिल्यावर लूप इम्पिडन्स, म्हणजे दोष झाल्यावर करंट ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा रोध. सी प्रकारचा एमसीबी तत्काळ नक्की पडायला रेटिंगच्या दहापट करंट लागतो, म्हणजे सी १६ ला १६० अँपिअर. २३० भागिले १६० म्हणजे १.४४ ओहम. पण मोजताना वायर थंड असते आणि लोडवर तापून तिचा रोध वाढतो, म्हणून मोजलेला आकडा त्याच्या दोन तृतीयांशात, म्हणजे ०.९६ च्या आत हवा. सी ऐवजी डी लावला तर तो आकडा निम्मा होतो. मोटर सुरू होताना पडतो म्हणून कुणी एमसीबी बदलला असेल, तर हे गणित पुन्हा मांडा.

३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढ्याच करंटवर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलं पाहिजे, आणि पाचपट करंटवर ४० च्या आत. मीटरने मोजा. त्याच्यावरचं टेस्टचं बटण आतली यंत्रणा तपासते, अर्थ तपासत नाही. त्या मशिनचा अर्थ तुटलेला असतानाही बटण दाबलं असतं तर आरसीसीबी पडलाच असता.

कागदावर प्रत्येक रीडिंगपाशी मोजणाऱ्याचं नाव, तारीख आणि मीटरचा नंबर हवा, आणि त्या मीटरचं कॅलिब्रेशन चालू हवं. आलेल्या कागदातली दहातली एक ओळ मी स्वतः निवडते आणि ज्याने मोजलं त्याच्याबरोबर उभी राहून पुन्हा मोजते. एक जरी जुळली नाही, तर तो पूर्ण कागद पुन्हा. वायरमन मंडळींना हे पहिल्याच दिवशी समोर बसून सांगा आणि मोजायला लागेल तेवढा वेळ त्यांना द्या. एका दिवसात ४८ सर्किट मोजून द्या म्हटलं, की ०.२ लिहिलं जातं. त्या वेळी वेळ न देणाऱ्यांत मीही होते.

इमारत ताब्यात दिल्यानंतर काही आठवड्यांनी, माणसं भरलेली आणि एसी चालू असताना, थर्मल कॅमेरा घेऊन परत जा. किमान ४० टक्के लोड नसेल तर गरम जोड दिसेलच असं नाही. तीन फेजचे तीन टर्मिनल शेजारी बघा. लोड सारखा असून एकच उजळ दिसला, तर सप्लाय बंद करून तोच उघडा. मार्करची रेघ तुटली आहे का बघा, आणि काय सापडलं ते डीबीच्या दारामागच्या तक्त्यावर त्या सर्किटच्या ओळीत लिहून ठेवा.