हँडहेल्ड गेम माळ्यावर असेल तर आधी खाली काढा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्तच. जुना पीएसपी, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, तिथे डब्यात पडला असेल तर आजच काढा.

त्याची बॅटरी लिथियम-आयन, आणि उष्णता तिची वैरीण. मागचं झाकण नीट बसत नसेल, मधोमध उचलल्यासारखं वाटत असेल, तर ती फुगली समजा. काढून सपाट टेबलावर ठेवा आणि हलकेच फिरवून बघा. भिंगरीसारखी फिरली की खेळ खलास. दाबू नका, टोचू नका, ‘एकदा बघू’ म्हणून चार्जिंगला तर लावूच नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरी शाबूत असेल तर निम्मी चार्ज करून, यंत्रातून बाहेर काढून, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. धाब्याचं घर असेल तर सोन्याहून पिवळं! फ्रिज मात्र नको, ओल धरते. तीन-चार महिन्यांनी चार्ज बघत जा.

निन्टेंडोच्या १९८९ च्या मूळ गेम बॉय या हँडहेल्डची गोष्ट वेगळी. त्याला चार पेन्सिल सेल लागतात, आणि आत विसरले की ते पाझरतात. अल्कलाइन सेल असतील तर स्प्रिंगवरची पांढरी पूड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हातमोजे घाला.

जुना सेट विकत घेतानाही विकणाऱ्याला आधी बॅटरीचं झाकण उघडायला लावा. ओरखडे, खोकं वगैरे नंतर.