एकदम तीन खाती उघडायची आहेत? सिबिल कुठे लागतं, कुठे नाही

हापूसच्या पेट्या वाशीला जायला लागण्याआधीच देवगड तालुक्यातल्या आमच्या काकूंनी ठरवलं, यंदा पैशाची सरमिसळ नको. दलालाकडून येणारे पैसे एका खात्यात, घरखर्च दुसऱ्यात आणि पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्यांचं भाडं तिसऱ्यात. तीन बँका, एकाच आठवड्यात. तिठ्यावर कुणीतरी सांगितलं की एकदम तीन खाती उघडली तर सिबिल (उधारी फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण) पडतं, मग पीक कर्ज विसरा. लगेच काकूंचा फोन: "माका कर्ज नको रे, निसता खाता उघडूचा हा. त्येका सिबिल कित्याक?"

काकूंचं बरोबर आहे. साध्या बचत खात्यात तुम्ही बँकेला पैसे देता, बँक तुम्हाला नाही. त्यामुळे त्यासाठी सिबिल स्कोअर लागत नाही. खाती तीन असोत की सहा, ती क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या उधारीच्या नोंदवहीत, दिसतही नाहीत. नेटवर याच्या उलट वाचायला मिळतं, ते बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतलं असतं. तिकडे ओव्हरड्राफ्टसकट (शिल्लक संपली तरी पैसे काढायची सोय) चालू खातं मागितलं की कर्जाचा इतिहास पाहतात. आपल्याकडे घोळ होतो तो खात्याबरोबर नकळत मागितलेल्या उधारीमुळे.

पायरी १ : कागदावर दोन रकाने आखा

डाव्या रकान्यात बचत खातं, आवर्ती ठेव, मुदत ठेव. इथे फक्त ओळखीची तपासणी होते. उजव्या रकान्यात क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, किसान क्रेडिट कार्ड, कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तशी उचल), सोनेतारण. इथे बँक तुमचा रिपोर्ट काढते आणि त्याची नोंद राहते. करंट, म्हणजे धंद्याचं खातं मधल्या रेषेवर लिहा. ते ठेवीचंच खातं असलं, तरी दुसरीकडे धंद्याचं कर्ज आहे का, याची चौकशी बँक करते.

पायरी २ : बँकेआधी स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढा

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीकडून घेतला तर वर्षभर लक्ष राहतं आणि खिशातून काही जात नाही. वेबसाइटवर पैसे भरून वर्गणी घ्यायचा आग्रह होतो, तो खुशाल टाळा. स्वतः कितीही वेळा पाहिलं तरी स्कोअर कमी होत नाही.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तेवढाच आकडा बघून रिपोर्ट मिटू नका. नाव, जन्मतारीख, पॅन तपासा. फेडलेलं पीक कर्ज अजून चालू दाखवलंय का, ते पाहा. भावकीतल्या कुणाच्या बँक कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही तुमच्या रिपोर्टात सापडेल. तुम्ही विसरलेले असता, रिपोर्ट विसरत नाही.

शेवटी 'एन्क्वायरी' नावाचा तक्ता असतो : कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी, किती रकमेसाठी तुमची माहिती मागवली. हा तक्ता वाचायची सवय मला ठेच लागून लागली. एका बँकेत मी मोबाइलवरून बचत खातं उघडलं होतं. महिन्याभराने रिपोर्ट पाहिला तर त्याच तारखेला उद्देश लिहिलेला : क्रेडिट कार्ड. मी कार्ड मागितलंच नव्हतं! म्हणजे मला तसं वाटत होतं. तिसऱ्या स्क्रीनवर तळाशी एक चौकोन आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला होता आणि मी 'पुढे' दाबून मोकळा झालो होतो.

पायरी ३ : फॉर्ममधले चौकोन वाचा

म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'पूर्वमंजूर कार्ड', 'ओव्हरड्राफ्ट सुविधा', 'क्रेडिट माहिती मिळवण्यास माझी संमती आहे' अशा ओळी दिसल्या की थांबा. नको असेल ती खूण काढा. शाखेत साहेब स्वतः फॉर्म भरून देत असतील आणि तुम्ही फक्त सह्या करणार असाल, तर सरळ विचारा, "यात कर्जाचं किंवा कार्डाचं काही आहे का?" विचारायला लाजू नका.

अशी एखादी चौकशी लागली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण महिन्याभरात चार-पाच लागल्या, तर पुढच्या बँकेला वाटतं की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

पायरी ४ : क्रम लावा

उजव्या रकान्यातलं जे खरंच हवं आहे, त्यासाठी आधी एकाच बँकेत अर्ज करा आणि निकाल लागेपर्यंत दुसरीकडे कर्ज किंवा कार्ड मागू नका. डाव्या रकान्यातली खाती मधे कधीही उघडा. जुनं कर्ज नुकतंच फेडलं असेल तर थोडं थांबा. बँकांनी या चार कंपन्यांना पंधरवड्याला माहिती कळवायची सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली, त्याआधी महिना लागायचा.

पायरी ५ : केवायसीची तयारी

बचत खातं अडतं ते या ओळख-पत्त्याच्या तपासणीत. पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असलं की अर्ज परत. आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा असतो आणि मुलगा मुंबईला. काकूंचा ओटीपी विरारच्या लोकलमध्ये वाजला, तो कळेपर्यंत मुदत संपली. आधार केंद्रात जाऊन आपला नंबर आधी बदलून घ्या.

फक्त आधार ओटीपीवर घरबसल्या उघडलेल्या खात्याला मर्यादा आहेत : शिल्लक १ लाखापर्यंत, वर्षभरात जमा २ लाखांपर्यंत आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी. शिवाय 'असं दुसरं खातं मी कुठे उघडलेलं नाही, उघडणारही नाही' असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे या वाटेने एकदम तीन खाती उघडताच येत नाहीत. शाखेत जा किंवा व्हिडिओ केवायसी करा. त्याला रेंज लागते आणि आमच्या वाडीत रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर. काकू मूळ पॅनकार्ड हातात धरून भर दुपारी सड्यावर उभ्या, पाठीमागे ऊन, पडद्यावर चेहरा काळा. सकाळी जा आणि सूर्य तोंडासमोर ठेवा.

जनधन खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं मिळत नाही. दुसऱ्या बँकेत चालतं.

पायरी ६ : डीबीटीचा चौकोन

डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं. हा सिबिलचा विषय नाही, पण बायकांची जास्त धावपळ याच्याने होते. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या एकाच बँकेत जातात, आणि नव्या खात्याच्या फॉर्मवर डीबीटीची खूण केली की ती जोडणी तिकडे सरकते. मग लाडकी बहीणचे दीड हजार आले नाहीत म्हणून जुन्या बँकेत हेलपाटे! पैसे कुठे हवेत ते ठरवा, बाकीच्या फॉर्मवर तो चौकोन कोरा ठेवा. सध्याची जोडणी माय-आधार पोर्टलवर 'बँक सीडिंग' मध्ये दिसते.

पायरी ७ : चुकीची नोंद दिसली तर

रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर वाद नोंदवा, तो फुकट असतो. बँकेलाही लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई मागता येते. तरीही कुणी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. फक्त पोच घेतलेला कागद हवा, म्हणून तो फॉर्मच्या झेरॉक्ससोबत पिशवीत जपून ठेवा.