बंजी सोडली, पट्टा धरला

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर बाइकचं मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि फट्‌ असा आवाज आला. मागून टेम्पोवाला ओरडला, "ओ दादा, सामान!" आरशात बघतो तर बॅग एका बाजूला लोंबकळतेय आणि बंजीचा (सामान बांधायची हूकवाली रबरी दोरी) सुटलेला हूक चेनच्या अगदी जवळ नाचतोय. नशीब, वेग तिशीच्या आत होता. बॅग पडली, बरणी फुटली, लोणच्याचं तेल सगळ्या कपड्यांना. (आईला अजून सांगितलेलं नाही.)

चूक माझीच. खड्ड्यात बॅग उडते तेव्हा रबरही ताणतं, आणि बॅग खाली बसताना हूक सैल पडून निसटतो. वर एक हूक मी नंबर प्लेटला अडकवलेला!

आता २५ मिमीचे, बकलवाले दोन नायलॉन पट्टे वापरतो. थेट ग्रॅब रेलखालून (सीटमागची धरायची दांडी) ओवून घेतो. इंडिकेटरला काहीही बांधत नाही. बॅगेखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला की ती सीटवर सरकत नाही. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून खोचायचं, नाहीतर तेच चाकात जातं. सायलेन्सरपासून लांब ठेवायचा, नायलॉन वितळतं. शेवटी बॅग धरून गदागदा हलवायची: गाडी हलली पाहिजे, बॅग नाही.

तरी माजिवड्याहून निघालो की कासारवडवलीला एकदा थांबतोच. तोवर आतले कपडे दबलेले असतात आणि पट्टा हमखास बोटभर सैल सापडतो.